काळे दाणे, गुलाबी थेंब आणि हिरवं नख

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

यंदा पावसाळ्यात आलेली बहुतेक पत्रं रंगांची आहेत. कुणाच्या बांधावर पांढरा कापूस उगवलाय, कुणाच्या बाजरीतून गुलाबी पाणी गळतंय, कुणाच्या पाठीवर पांढरे ठिपके आलेत. मी जळगावात कातडीच्या आजारांची डॉक्टर आहे आणि माहेर चोपडा तालुक्यातलं शेतकऱ्याचं. त्यामुळे अंगावरचं आणि शेतातलं असे दोन्हीकडचे प्रश्न तुम्ही मला विचारता, याचा मला मनापासून आनंद आहे. एकच विनंती आहे. फोटो पाठवताना नुसता डाग मोठा करून पाठवू नका. तो कशावर आलाय, कधीपासून आहे आणि वाढतोय का, तेही लिहा. पिवळं म्हणजे अमुक आणि काळं म्हणजे तमुक असं सहसा ठरत नाही. पण पहिल्याच पत्रात रंगाला फार मोठी किंमत आहे, म्हणून ते सर्वांत आधी घेते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय ५८) उजव्या तळपायाला चार-पाच वर्षांपासून सूज आहे. आधी एक गाठ होती. आता तिथे तीन-चार छिद्रं पडली आहेत आणि त्यातून पाण्यासारखा पू येतो. पुसताना फडक्यावर काळे बारीक दाणे दिसतात. वडील म्हणतात, "मना पाय काही दुखत नही," आणि शेतात जातात. दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणून दिल्या, गुण आला नाही. गावात कुणी म्हणतं आत काटा राहिलाय, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. काय करावं? (एक शेतकरी, पारोळा तालुका)

भाऊ, या आजारात दुखत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं थांबतो, आणि तेवढ्यात तो हाडापर्यंत पोचतो. तुम्ही दाण्यांचा रंग लिहून पाठवलात हे फार चांगलं केलंत.

न दुखणारी सूज, तिला पडलेली छिद्रं आणि त्यातून बाहेर येणारे दाणे, या तीन गोष्टी एकत्र असल्या की मायसेटोमाचा विचार करावाच लागतो. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरांनी असे पाय पाहून नोंदले, म्हणून याला मदुरा फूटही म्हणतात. मायसेटोमा हे नाव दिलं हेन्री वॅन्डाइक कार्टर यांनी, १८६० च्या सुमारास. ते मुंबई इलाख्यात नोकरीला होते आणि साताऱ्यालाही राहिले होते. म्हणजे हा आपल्याच मुलखात अभ्यासलेला आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला २०१६ साली. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना होणाऱ्या या आजाराची नोंद व्हायला इतका वेळ लागावा, याचं मला वाईट वाटतं.

होतं असं, की मातीत आणि काट्यांवर काही बुरशा आणि काही जिवाणू राहतात. बाभूळ, हिवर, बोर यांचा काटा पायात मोडला की त्याच्याबरोबर ते कातडीखाली जातात. काटा निघतो, जखम भरते, माणूस विसरतो. आतला जीव मात्र सावकाश वाढत राहतो आणि स्वतःच्या घट्ट वसाहती करतो. फडक्यावर दिसणारे दाणे म्हणजे त्या वसाहती. त्यामुळे "आत काटा राहिलाय" म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. सुरुवात बहुधा काट्यानेच झाली असेल. पण आता पाय चिरून काटा शोधण्यात अर्थ नाही. "बाहेरचं" तर मुळीच नाही. घरातल्या कुणाला हा आजार त्यांच्यापासून लागणार नाही, तेव्हा त्यांचं ताट-अंथरूण वेगळं करू नका.

आता रंगाचं. काळे दाणे असतील तर कारण जवळजवळ नेहमी बुरशी असते. लाल किंवा गुलाबी असतील तर जिवाणू. पांढरे-पिवळे असतील तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं, तिथे तपासणीशिवाय बोलता येत नाही. हा फरक औषधासाठी लागतो. जिवाणू असेल तर प्रतिजैविकं चालतात, अ‍ॅमिकॅसिनची इंजेक्शनं आणि को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या यांनी चांगला गुण येतो. बुरशीवर ती औषधं काहीही करत नाहीत. तिथे इट्राकोनॅझोलसारखं बुरशीचं औषध कित्येक महिने, कधी वर्षभर घ्यावं लागतं, मधूनमधून यकृताची तपासणी करावी लागते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेने गाठही काढावी लागते. दुकानातून आणलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी वडिलांना गुण का आला नाही, ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

पारोळ्याहून तुम्हाला धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, जळगावलाही शासकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी रात्री छिद्रांवर स्वच्छ कोरडी गॉजपट्टी बांधा. सकाळी ती सोडली की तिच्यावर दाणे चिकटलेले असतील. ती पट्टी धुऊ नका, टाकू नका, स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांना द्या. ते दाणा काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, तुकडा तपासायला पाठवतील आणि हाड कितपत धरलंय ते पाहायला एक्स-रे काढतील. वडिलांना मधुमेह आहे का, तेही तपासून घ्या. आणि आजपासून त्यांच्या पायात बूट हवा, चप्पलही नको. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार येतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : बांधावरच्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस साचल्यासारखा दिसतो. मुलाने तो बोटाने चिरडला तर रक्तासारखा लालभडक रस निघाला. आई म्हणते झाडाला कुणी काही केलंय, हात लावू नका. मुलाच्या बोटांना काही होईल का? (साक्री)

आईंना सांगा, ते झाडाचं रक्त नाही. तो किड्यांचा रंग आहे. कोचिनील नावाचे हे कीटक फड्या निवडुंगावरच जगतात. मादी एकदा पानात सोंड खुपसून बसली की हलत नाही, रस शोषत राहते आणि अंगावर पांढऱ्या मेणाचे तंतू काढते. तुम्हाला दिसला तो कापूस हाच. तिच्या अंगात कार्मिनिक आम्ल असतं, म्हणून चिरडलं की बोट लाल होतं. जगात कापड आणि खाऊसुद्धा या रंगाने रंगवतात. निवडुंग मूळचं अमेरिकेतलं. १७९५ मध्ये ब्रिटिशांनी रंगाच्या धंद्यासाठी हा कीटक भारतात आणला. आला तो हव्या त्या जातीचा नव्हता, रंग हलका निघाला, पण माजलेल्या निवडुंगाला त्याने चांगलंच संपवलं. तेव्हा तुमच्या बांधावर चाललंय ते निवडुंगाचं नुकसान आहे, पिकाचं नाही.

मुलाच्या बोटाला त्या रंगाने काही होणार नाही, साबणाने धुवा. मला काळजी वेगळीच वाटते. फड्यावर मोठ्या काट्यांच्या बुडाशी बारीक, सहज न दिसणारी कुसळं असतात. ती कातडीत घुसून राहिली तर आठवडाभराने लालसर, खाजऱ्या पुळ्या येतात आणि घरचे त्याला खरूज समजून मलम लावतात. बोट टोचत असेल तर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा, बरीच कुसळं निघतात. उरलेली उजेडात चिमट्याने काढा. चोळू मात्र नका, चोळलं की ती अजून आत जातात.

प्रश्न : दोन महिन्यांपासून अंगठ्याचं नख एका बाजूने हिरवंगार झालंय. दुखत नाही. मी घरगुती खानावळ चालवते, दिवसभर हात पाण्यात. नेलपॉलिश लावून झाकते आहे. हे बुरशीचं आहे का? (एक ताई, भुसावळ)

ताई, नेलपॉलिश आधी पुसा. तिच्याखाली ओल कोंडते आणि ओल हेच तर कारण आहे. तुमचं नख बाजूने थोडं उचललं गेलं असणार. त्या फटीत पाणी राहतं आणि तिथे स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वाढतो. तो निळा-हिरवा रंग तयार करतो आणि तो रंग नखाला बसतो. बुरशीच्या गोळ्या याला लागत नाहीत.

उचललेला नखाचा भाग जपून कापून टाका. पांढऱ्या व्हिनेगरच्या एका भागात पाण्याचे चार भाग मिसळून त्यात रोज दोनदा पाच-दहा मिनिटं बोट बुडवा, मग पूर्ण कोरडं करा. भांडी घासताना आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घाला. रंग नखात मुरलेला असल्याने नवीन नख पुढे येईपर्यंत तो थोडा दिसेल, त्याने घाबरू नका. मधुमेह असेल किंवा बोट सुजून ठणकायला लागलं तर मात्र थेट दाखवा.

तुमच्या निमित्ताने सगळ्यांसाठी एक सांगते. हिरव्या नखाने जीव जात नाही, पण नखातल्या काळ्या उभ्या रेघेकडे लक्ष हवं. आपल्या सावळ्या लोकांत दोन-चार नखांवर तपकिरी रेघा असणं नेहमीचं आहे, त्या घरातल्या इतरांनाही असतात. पण एकाच नखात, मोठ्या वयात नव्याने आलेली, रुंद होत जाणारी आणि नखाच्या मुळाशी कातडीवर सांडलेली काळी रेघ असेल तर आठ दिवसही थांबू नका. तळपायावर वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डागही तसाच. मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत उन्हातल्या अंगावर जास्त दिसतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, जिथे कुणी बघतच नाही. आंघोळीनंतर महिन्यातून एकदा तळपाय आरशात पाहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तुम्ही पाहा. लवकर सापडला तर तो कापून काढून माणूस बरा होतो.

प्रश्न : बाजरीच्या काही कणसांतून गुलाबी, मधासारखे चिकट थेंब गळत होते. आता तिथे दाण्याच्या जागी काळपट, लांबट काहीतरी आहे. बाजरी काढली आहे. खाल्ली तर चालेल का? जनावरांना? (शिंदखेडा)

आत्ता दळू नका. हा अरगट. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, ओलसर हवा राहिली की बुरशी फुलातून दाण्याच्या जागी शिरते. आधी गुलाबी थेंब गळतात, त्यात तिची बीजं असतात, आणि मग दाण्याऐवजी गडद रंगाची कठीण गाठ तयार होते. त्या गाठीत विष असतं. अशी बाजरी खाल्लेल्या माणसाला मळमळ, उलट्या, गरगरणं, गुंगी येते. भाकरीने उलट्या झाल्या तर लोक पीठ जुनं होतं म्हणतात आणि पुन्हा तीच बाजरी दळतात.

दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवा आणि त्यात बाजरी थोडी थोडी सोडून ढवळा. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे हलके असतात, ते वर तरंगतील. ते गोळा करून जाळा. तळाचे दाणे चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवा. बियाण्यासाठीही हीच रीत. गाठी फार जास्त दिसत असतील तर एवढी खटपट करून ते खाण्यात मला शहाणपण दिसत नाही, मन घट्ट करून तो माल बाजूला करा. अरगट लागलेली कणसं गुरांनाही घालू नका. पुढच्या वर्षी त्याच शेतात बाजरी घेऊ नका आणि खोल नांगरट करा.

काही पत्रांत याच्याबरोबर गोसावीचा फोटो आहे. तो रोग निराळा. त्यात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका निघतो. उत्पन्न बुडतं, पण तो माणसाला विषारी नाही.

प्रश्न : केळीच्या बागेत कापून टाकलेल्या खोडांवर एका रात्रीत पिवळाधमक फेस आला. दुसऱ्या दिवशी तो हातभर पुढे सरकलेला. काय फवारू? (रावेर)

काहीच नाही. हा स्लाइम मोल्ड आहे. बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. कुजणाऱ्या खोडावरचे जिवाणू खातो आणि खरोखरच सरपटतो, तुम्ही बरोबर पाहिलंत. दोन-तीन दिवसांत पांढरट कवच धरेल आणि आत काळपट भुकटी होईल. केळीला त्याचा काही त्रास नाही. घरात कुणाला दमा असेल तर भुकटी उडवू नका. फवाऱ्याचे पैसे वाचवा.

प्रश्न : पाठीवर, छातीवर फिकट पांढरे ठिपके आहेत. मुलगा २३ वर्षांचा, जिनिंगमध्ये कामाला. लग्नाचं बघतो आहोत. मुलीकडचे विचारतील म्हणून रात्री झोप लागत नाही. कोड आहे की मोठा आजार? (अमळनेरहून एक माउली)

माउली, तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून आणि वर्णनावरून हे शिबं वाटतं. कातडीवर प्रत्येकाच्याच एक यीस्ट असते. उकाडा आणि घाम वाढला की ती फोफावते आणि तेवढ्या जागेचा रंग फिका पडतो. नखाने हलकंसं खरवडलं तर बारीक कोंडा निघतो. कोडात कातडी दुधासारखी पांढरी होते आणि कोंडा निघत नाही. शिबं मलमाने किंवा केटोकोनॅझोलच्या शांपूने जातं. यीस्ट गेली तरी रंग परत यायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात औषध लागू पडलं नाही असं समजून लोक डॉक्टर बदलत राहतात, तसं करू नका. पुढच्या उन्हाळ्यात ते परतही येऊ शकतं. आणि लग्न मोडावं असं यात काहीच नाही.

"मोठा आजार" म्हणजे तुम्हाला कुष्ठरोग म्हणायचंय, ते मला कळलं. त्याचा चट्टा बधिर असतो. मुलाचे डोळे मिटवून कापसाच्या बारीक टोकाने ठिपक्यावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर स्पर्श करा. दोन्हीकडे सारखं कळलं तर काळजी बरीच कमी झाली. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे गोळ्या फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असतो, आणि औषध सुरू झालं की संसर्ग पसरणं लवकरच थांबतं. तो आजार निघाला असता, तरी मी तुम्हाला झोप उडवून घेऊ नका असंच लिहिलं असतं. वाया जाते ती लपवण्यात गेलेली वर्षं, तेवढ्यात बोटं वाकडी होतात.

प्रश्न : मक्याची जाळलेली कणसं कडेला पडली होती. पावसानंतर त्यावर केशरी भुकटी आली. हात केशरी झाला. (शहादा)

न्यूरोस्पोरा. या बुरशीची काही बीजं आगीच्या धगीनेच जागी होतात, म्हणून ती जळालेल्या कणसांवर, उसावर, गवतावर सर्वांत आधी येते. अमेरिकेत बीडल आणि टेटम यांनी याच बुरशीवर प्रयोग करून जनुकं शरीरातली रसायनं कशी ठरवतात ते दाखवलं, त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. तुमच्या मुलांना तो केशरी हात दाखवून ही गोष्ट जरूर सांगा. धोका नाही, पण बेकरीत किंवा पिठाजवळ तो हात नेऊ नका, ती भुकटी क्षणात सगळीकडे पसरते.

प्रश्न : उन्हाळाभर बनियन काखेत पिवळं, कधी लालसर होतं. काविळीची तपासणी केली, काही नाही. (जामनेर)

काखेतल्या केसांवर पिवळे-लाल चिकट कण दिसतात का बघा. दिसत असतील तर तो केसांवर वाढणारा जिवाणू आहे, घामाला रंग त्याचा. केस काढून टाका, रोज साबण लावा, कोरडं ठेवा. बहुतेकांना एवढंच पुरतं.

प्रश्न : सात वर्षांच्या नातीच्या हातावर चामखिळी आहेत. मी बिब्बा तापवून त्याचं तेल लावलं. आता तिथे काळा डाग, भोवती फोड आणि कोपरापर्यंत लाली आहे. मुलगा माझ्यावर रागावला आहे. (एक आजी, यावल तालुका)

आजी, तुम्ही नातीच्या भल्यासाठीच केलंत, मुलाने रागावू नये. तुमचं उत्तर छापून येण्याची वाट न बघता आम्ही फोनवर सांगितलंच आहे, इथे इतरांसाठी लिहिते. बिब्ब्याच्या तेलात कातडी जाळणारं रसायन असतं. ते जिथे लागतं तिथे काळा डाग पडतो. एकदोन दिवसांत भोवती फोड येतात आणि तेल बोटांनी दुसरीकडे लागलं की लाली तिकडेही पसरते. पूर्वी धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करायचे, धुऊनही त्या जात नसत. लहान मुलाच्या कातडीवर त्याचा परिणाम फारच होतो. लागलं असेल तर लगेच भरपूर पाणी आणि साबणाने धुवा, नखांखाली आणि कपड्यांवर राहिलेलंही काढा, फोड फोडू नका. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ गेलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चामखीळ विषाणूमुळे होते. मुलांमध्ये निम्म्याहून अधिक चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. घाई असेल तर सॅलिसिलिक आम्लाचं औषध रोज फक्त चामखिळीवर लावतात, किंवा दवाखान्यात ती गोठवतात. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून तोडली तर रक्त येतं, विषाणू शेजारी पसरतो आणि एकाच्या चार होतात. नातीचे फोड सुकेपर्यंत चामखिळींना काहीच लावू नका. महिन्याभराने तिला घेऊन या, तोवर काळा डागही फिका पडायला लागलेला असेल.